माझ्या पायांखालचा डोंगर

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्टँड आहे. फोटो काढताना कॅमेरा ज्याच्या डोक्यावर बसवतात, तो तीन पायांचा स्टँड. कॅमेऱ्याचं कौतुक तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. स्टँडला मात्र कोणी काही विचारत नाही. फोटो चांगला आला तर कॅमेरा उत्तम आणि फोटो हलला तर स्टँड वाईट, असा आमच्या धंद्यातला न्याय आहे. माझी त्याबद्दल फारशी तक्रार नाही. पण एकदा असं झालं की आमच्या गावात जे चाललं होतं ते कॅमेऱ्याच्या डोळ्यालाही कळलं नाही आणि माझ्या पायांना कळलं. ती हकिकत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. त्याआधी मी शाळेच्या जिन्याचा कठडा होतो. जिना मोडला तेव्हा सुताराने कठड्याच्या तीन काठ्या बाजूला काढून ठेवल्या. वर्षानुवर्षं मुलं त्यांच्यावरून घसरून त्या इतक्या गुळगुळीत झाल्या होत्या की रंधा मारायची गरजच उरली नव्हती.

त्याच सुमारास दुकानात भाऊ आले. भाऊ म्हणजे गावातले फोटोवाले. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणे आणि त्यांच्या बायकोला वहिनी. त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा असंच म्हणत. भाऊंच्या आधीच्या स्टँडने एका नवरदेवाचा फोटो काढताना ऐन वेळी मान टाकली होती, त्यामुळे ते वैतागलेले होते.

"मला असा स्टँड दे, की वर हत्ती बसला तरी हलायचा नाही," भाऊ म्हणाले.

"हत्तीचा फोटो काढायचाय, की हत्तीकडून काढून घ्यायचाय?" सुताराने विचारलं.

पण त्याने काम मन लावून केलं. माझ्या तीन पायांना खाली लोखंडी टोकं बसवली, पाय कमीजास्त करायला पितळी स्क्रू लावले आणि शेवटी मला जवसाचं तेल पाजलं. मला उभं करून त्याने माझ्या डोक्यावर दोन्ही हातांनी भार टाकला. मी हललो नाही. सुतार स्वतःशीच हसला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

भाऊंचा स्टुडिओ म्हणजे रस्त्याकडची एक लांबट खोली. तिच्या एका टोकाला रंगवलेला पडदा होता. पडद्यावर बर्फाचे डोंगर, निळं सरोवर आणि सरोवरात एक हंस. रंगवणाऱ्याने हंसाची मान जरा जास्तच लांब काढली होती, त्यामुळे कितीही मोठं कुटुंब पुढे उभं केलं तरी कोणाच्या तरी खांद्यावरून तो डोकावायचाच. खोलीच्या मागच्या बाजूला काळोखी खोली होती. तिथे लाल दिव्याच्या उजेडात वहिनी फोटो धुवत. भाऊ फोटो काढत आणि वहिनी ते उमटवत, अशी कामाची वाटणी होती.

"हनुवटी खाली, नजर वर, श्वास धरा!" भाऊ ओरडत. माणसं श्वास धरत आणि मला नेहमी वाटे, अरे, यांना सोडायला कधी सांगणार? भाऊ कधीकधी खरंच विसरत. मग आतून वहिनींचा आवाज येई, "अहो, सोडा त्यांना! लाल झाले असतील!"

आता गंमत बघा. पडद्यावरच्या डोंगरापुढे सगळं गाव ताठ उभं राहत होतं आणि खरा डोंगर घराच्या मागे उभा होता. मागचं दार उघडलं की समोर तोच. खाली गवताचा उतार, मध्ये झाडी आणि वर काळा, सरळ उभा कडा. पण गावात त्याच्याकडे कोणी बघत नसे. रोज दिसणाऱ्या गोष्टीचं असंच होतं.

एके दिवशी पोस्टमन आपलं अख्खं कुटुंब घेऊन फोटोला आला. त्याची आई, दोन भाऊ, भावजया, बहिणी, मेहुणे आणि कडेवरची, हाताला धरलेली, हात सोडून पळालेली सगळी मुलं. भाऊंनी त्यांना तीन रांगांत बसवून पाहिलं, चार रांगांत बसवून पाहिलं. दर वेळी कोणीतरी चौकटीच्या बाहेर जाई. मला मागे सरकवत सरकवत भाऊंनी पार भिंतीला टेकवलं. पोस्टमनच्या आईला घाम फुटला.

वहिनी ओले हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मागच्या अंगणात न्या की सगळ्यांना."

"अगं, पण मागे डोंगर येईल," भाऊ म्हणाले.

"येऊ दे की. त्याला कुठे जायचंय?"

भाऊंनी नाक मुरडलं, पण दुसरा इलाज नव्हता. मला उचलून अंगणात नेलं. माझी टोकं पहिल्यांदाच मातीत रुतली. फरशीवर उभं राहणं आणि मातीत उभं राहणं यातला फरक मी तुम्हाला कसा सांगू? फरशी तुम्हाला नुसतं सहन करते. माती धरून ठेवते.

फोटो असा आला की पोस्टमनने तो वाटेत भेटेल त्याला दाखवला. मोकळ्या हवेत श्वास धरून कोणीच डोळे वटारले नव्हते, मुलं हसत होती आणि सगळ्यांच्या मागे डोंगर घरातल्या वडीलधाऱ्यासारखा उभा होता. दुसऱ्या आठवड्यात शिंपी आला. "आम्हालाही पोस्टमनसारखा पाहिजे. डोंगरवाला." मग नर्सबाई आल्या, मग बेकरीवाल्याची जुळी मुलं आली. हळूहळू पडद्याची गुंडाळी झाली ती कायमची. गावात ज्या घरी जाल तिथल्या भिंतीवर नवरा-नवरी, आजी-नातवंडं, शाळा सुटलेली मुलं, आणि मागे आमचा डोंगर.

खरं वेड लागलं ते वहिनींना. फोटोंत माणसांच्या मागचा डोंगर धुता धुता त्यांना वाटू लागलं, याला एकदा जवळून बघायला हवं. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्या मला खांद्यावर टाकून निघत. भाऊ मागून चहाचा थर्मास घेऊन कुरकुरत येत.

"फोटोत माणूसच नाही, मग फोटो कुणाचा?" ते विचारत.

"ज्याचा आहे त्याला विचारा," वहिनी म्हणत आणि माझे पाय उघडत.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. डोंगर मला पायांनीच पाठ झाला. उताराची माती भुसभुशीत, झाडीतली ओलसर आणि कड्याखालचा कातळ इतका टणक की माझी टोकं त्यावर खणखणत. कड्याच्या फटींत पाकोळ्यांची घरटी होती. त्या बाणासारख्या यायच्या आणि भिंतीला धडकणार असं वाटतावाटता फटीत गडप व्हायच्या. कड्याच्या पायथ्याशी एक झरा होता आणि त्याच्या काठच्या भेगांतून फिकट जांभळी फुलं लोंबत. गावातल्या बायका त्यांना 'डूल' म्हणत, कारण ती अगदी कानातल्यासारखी दिसत. पण कित्येक बायकांनी त्यांच्याबद्दल फक्त आईच्या तोंडून ऐकलं होतं, पाहिली कधीच नव्हती. वहिनींनी त्या फुलांचा फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला, तेव्हा नर्सबाई किती तरी वेळ काचेपुढून हलेनात.

"हे इथलं आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या घरून तासाभराच्या चढावर," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या सुट्टीला नर्सबाई आमच्याबरोबर चढल्या. मग शिंपी आला. भाऊंचा थर्मास पुरेनासा झाला.

आणि मग फोटो हलायला लागले.

आधी एखादा, मग बरेच. वहिनी झऱ्याचा फोटो घ्यायच्या तेव्हा सावलीमुळे कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागे. त्या वेळात स्टँड जराही हलून चालत नाही. पण फोटो धुतला की फुलांच्या कडा पुसट. कड्याच्या रेघा दुहेरी. माझ्या पायांना कारण कळत होतं. कातळातून एक बारीक थरथर वर येत होती, कधी मिनिटभर, कधी एकदम धक्क्यासारखी. पण मला तोंड कुठे होतं?

"या स्टँडचे सांधे गेले," भाऊंनी निकाल दिला.

सुताराला बोलावलं. त्याने माझा प्रत्येक स्क्रू पिळून पाहिला, डोक्यावर भार टाकून पाहिला. "भाऊ, हा अजून माझ्यापेक्षा घट्ट आहे," तो म्हणाला.

"घरात फरशीवर कोणीही घट्ट उभा राहतो. चढावर परीक्षा असते," भाऊ म्हणाले आणि त्यांनी शहरातून चकचकीत, हलका, धातूचा नवा स्टँड आणला. मला माळ्यावर टाकलं. तिथे एक फुटकी बादली, जुन्या चौकटी आणि गुंडाळलेला तो पडदा, असे आम्ही शेजारी झालो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? काम नसण्यापेक्षा नसलेला दोष अंगावर घेऊन बसणं जास्त जड जातं.

माळ्याच्या फळ्यांतून खालचं बोलणं ऐकू येई. काही आठवड्यांनी एके दुपारी दोघं डोंगरावरून परतली ती वाद घालतच.

"अहो, मी सांगते ना, चहा हलला."

"चहा हलणारच. पातळ पदार्थ आहे तो."

"कप दगडावर ठेवला होता मी. कोणी हात लावला नव्हता. आणि त्यात गोल गोल वर्तुळं उठत होती. झऱ्याच्या पाण्यातही तीच. नवा स्टँड आहे, तरी फोटो हललाच ना आजचा?"

थर्मास खाली ठेवल्याचा आवाज आला. भाऊ म्हणाले, "म्हणजे..."

"म्हणजे स्टँड नाही हलत. डोंगर हलतोय."

दुसऱ्या दिवशी दोघं माथ्याची धार ओलांडून डोंगराच्या पलीकडच्या अंगाला गेली. तिकडे दगडाची खाण होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती किती आत आली आहे हे कोणी पाहिलं नव्हतं, कारण गावातून ती दिसत नसे. संध्याकाळी वहिनी सांगत होत्या. पलीकडचा उतार राहिलाच नव्हता. पोळीचा तुकडा मोडावा तसा अर्धा डोंगर मोडून नेलेला. सुरुंगाचा धक्का कातळातून थेट अलीकडच्या कड्यापर्यंत येत होता. म्हणूनच यंदा पाकोळ्यांची निम्मी घरटी रिकामी होती. म्हणूनच झरा गढूळ झाला होता.

त्याच संध्याकाळी माळ्याला शिडी लागली. भाऊ स्वतः वर आले. त्यांनी माझ्यावरची धूळ बाहीने पुसली आणि इकडेतिकडे बघून, कोणी ऐकत नाही याची खात्री करून पुटपुटले, "चुकलंच रे माझं."

"काय म्हणालात?" खालून वहिनींनी विचारलं.

"काही नाही. शिडी धर म्हटलं."

पण खरी काळजीची बातमी पुढेच होती. खाणवाल्यांनी अलीकडचा उतारही सरकारकडे मागितला होता, झाडी, झरा, कड्यासकट. अर्जात म्हटलं होतं की जागा उजाड आहे आणि कोणाच्या वापरात नाही. गावाचं काय म्हणणं आहे ते ऐकायला अधिकारी बाई येणार होत्या.

सभेच्या दिवशी गावच्या सभागृहात मलाही नेलं. त्या दिवशी माझ्या डोक्यावर कॅमेरा नव्हता, तर एक फळी होती आणि फळीवर वहिनींचे मोठे फोटो. कडा, पाकोळ्या, झरा, डूल. वहिनींना गर्दीपुढे बोलायची सवय नव्हती. त्यांचं आयुष्य काळोख्या खोलीत गेलेलं. त्यांनी आधाराला माझा पाय धरून ठेवला होता. मी पाय घट्ट रोवून उभा राहिलो. मला दुसरं काय येतं?

खाणीचे व्यवस्थापक आधी बोलले. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "तुमच्या शाळेच्या भिंती, तुमचा पूल, तुमचे रस्ते, सगळ्याला दगड याच डोंगराचा लागलाय. दगड काय आकाशातून पडतो?"

आणि ते खरंच होतं.

अधिकारी बाईंनी फोटो नीट पाहिले. "फार सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. "पण मला निर्णय घ्यायचा आहे. या बाजूला कोणी राहत नाही, कोणी पिकवत नाही. मग गावाचा या जागेशी संबंध काय, ते मला कोणीतरी सांगा."

वहिनींनी झऱ्याचा फोटो पुन्हा पुढे केला, पण बाईंना उत्तर हवं होतं.  तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पोस्टमनची बहीण उठली होती. ती बाहेर गेली. मला वाटलं, झालं, लोक निघाले. पण तिचं घर समोरच होतं. ती परत आली तेव्हा तिच्या काखेत भिंतीवरून काढलेली तसबीर होती. तीच, अख्ख्या कुटुंबाची. तिने ती अधिकारी बाईंच्या टेबलावर ठेवली.

"ही माझी आई. आता नाही ती. आईचा एवढा एकच हसरा फोटो आहे आमच्याकडे," ती म्हणाली. "आणि मागे बघा कोण उभं आहे."

शिंपी उठला. मग बेकरीवाला. नर्सबाई पळतच गेल्या. लोक घरी जात होते आणि तसबिरी घेऊन येत होते. कोणाच्या काचेवर जाळं लागलेलं, कोणाच्या मागे अजून खिळा लोंबतोय. टेबल भरलं, मग खुर्च्या भरल्या, मग तसबिरी खाली भिंतीशी टेकवून ठेवल्या. लग्नं, वाढदिवस, नोकरीला निघालेली मुलं, गेलेले वडील. प्रत्येकात मागे तोच कडा. भाऊ आपलेच फोटो असे बघत होते, जणू ते दुसऱ्या कोणी काढलेत.

आता वहिनी स्वतः बोलल्या. "बाई, दगड लागतो हे खरं आहे. अर्धा डोंगर आम्ही दिलाच आहे आणि तेव्हा आम्ही बघितलंसुद्धा नाही, ही आमचीही चूक. पण उरलेला अर्धा आमच्या घरातला आहे. तो राहू द्या."

अधिकारी बाईंनी एक तसबीर उचलून जवळून पाहिली. "उद्या सकाळी मला वर घेऊन चला," एवढंच म्हणाल्या.

सकाळी आम्ही चढलो. वहिनींनी कपात चहा ओतून कातळावर ठेवला आणि सगळे वाट बघत उभे राहिले. धक्का आला. चहात वर्तुळं उठली. अधिकारी बाईंनी खाली बसून ती पाहिली आणि मग माझ्या पायावर तळहात टेकवला. कातळातून आलेली थरथर माझ्यातून त्यांच्या हातात गेली. मित्रांनो, मी जे कधीपासून सांगू पाहत होतो, ते कोणीतरी हाताने ऐकलं.

निर्णय यायला वेळ लागला, पण आला. खाण धारेपलीकडेच थांबेल, तिथेही सुरुंग बंद आणि अलीकडचा उतार जसाच्या तसा राहील. गेलेला अर्धा डोंगर परत आला नाही. तो येत नसतो.  पण झरा हळूहळू निवळला. पाकोळ्या सगळ्या नाहीत, पण बऱ्याच परतल्या. काही वर्षांनी खाणवाल्यांनीच मोकळ्या पडलेल्या बाजूला रोपं लावायला सुरुवात केली आणि खड्डे खणायला गावातली माणसं गेली, तेव्हा व्यवस्थापक स्वतः फावडं घेऊन उभे होते.

आता सगळ्यांच्या खिशात फोन आहेत. स्टुडिओत गिऱ्हाईक क्वचित येतं. मी काचेपाशी उभा असतो. सुट्टीच्या दिवशी कोणीतरी येतं आणि म्हणतं, "वहिनी, स्टँड नेऊ का वर?" वहिनींचे केस पांढरे झालेत, पण त्या अजून अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर जातात. माझ्या डोक्यावर आता फोन बसतो. इतका हलका की मला हसू येतं. हत्तीच्या तयारीने बनवलेला मी आणि वर चिमणीएवढं ओझं. पण काम ते काम.

भाऊंचे गुडघे गेले. डोंगर त्यांना अंगणातूनच बघावा लागतो. गेल्या थंडीत मात्र त्यांनी हट्ट धरला. पोस्टमन आणि शिंपी दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून पहिल्या सपाटीपर्यंत उचलून नेलं. जुना कॅमेरा माझ्यावर चढवला. भाऊंनी डोळा लावला. समोर उन्हात कडा उजळला होता आणि पाकोळ्या फटींतून बाहेर पडत होत्या. फोटोत एकही माणूस नव्हता. आम्ही सगळे थांबलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"अहो, काढा ना फोटो," वहिनी म्हणाल्या.

"थांब गं," भाऊ डोळा न काढता म्हणाले. "आधी बघू दे."

त्या सकाळी फोटो निघालाच नाही. कोणाला त्याचं वाईटही वाटलं नाही. वहिनींनी चहा ओतला आणि सगळे तिथेच बसून राहिले.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. माझे स्क्रू वर्षातून एकदा तेलाने पुसा, मला पावसात विसरू नका, आणि फोटो हलला तर आधी पायांखाली काय हलतंय ते बघा. तुमच्या घरामागेही काहीतरी असेल. डोंगर नसेल तर टेकाड असेल, तळं असेल, ओढा असेल, चार जुनी झाडं असतील. एखाद्या सकाळी त्याच्यासमोर नुसते उभे राहा, माझ्यासारखे, पाय रोवून. कारण उद्या कोणी येऊन विचारलं की या उजाड जागेशी तुमचा संबंध काय, तर उत्तर द्यायला तुम्ही ती आधी बघितलेली असायला हवी.